अक्षर तेच, आकार हवा तेवढा

घरातून फराळ, मसाले, लोणची किंवा शिवणकाम करून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनींना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. डब्यावर लावायचे स्टिकर छापून घ्यायला त्या जातात, मोबाइलवर ठेवलेले आपले चिन्ह दाखवतात आणि छपाईवाला मान हलवून म्हणतो, "हे चालणार नाही. कोरल फाइल आहे का? नाहीतर व्हेक्टर करून आणा."

मग कुणी सांगते, "इंटरनेटवर फुकटात होते, दोन मिनिटांचे काम." दुसरे कुणी म्हणते, "छे, त्यासाठी संगणकावर चांगला प्रोग्रॅमच हवा." दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते. कोणते काम कुठे करायचे हे ठरवायला आधी काम काय आहे ते कळले पाहिजे. या वेळच्या स्तंभात तेवढेच पाहू.

बंगळूरच्या इंदिरानगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण डोळ्यांसमोर आणा. सूनबाईंनी दिवाळीपुरता सुरू केलेला फराळाचा उद्योग आता वर्षभर चालू लागला आहे. डब्यांवर नाव घालायचे ठरले. नाव 'आनंद फराळ', आणि तेही दिवंगत सासूबाईंच्या अक्षरातच. सासूबाई बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवत असत. त्यांपैकी ही एक चिठ्ठी उरली आहे. कागद पिवळा पडलेला, शाई फिकी झालेली. या एका चिठ्ठीवरून स्टिकर, पिशव्या, लाकडी पाटी आणि प्रदर्शनातला मोठा फलक असे सगळे करायचे आहे. अक्षर मात्र सासूबाईंचेच वाटले पाहिजे. अशा वेळी काय करावे?

व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

मोबाइलने काढलेला फोटो हा रंगीत चौकटींचा बनलेला असतो. या चौकटींना पिक्सेल म्हणतात. फोटोत त्यांची संख्या ठरलेली असते. समजा, चिठ्ठीचा फोटो ९०० पिक्सेल रुंद आहे. ३ इंची स्टिकरवर तो छापला तर इंचाला ३०० पिक्सेल मिळतात आणि छपाई नेटकी होते. तोच फोटो ६ फुटी, म्हणजे ७२ इंची फलकावर ताणला तर इंचाला जेमतेम साडेबारा पिक्सेल उरतात. अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. छपाईवाल्याने नकार दिला तो याच कारणाने.

व्हेक्टरचे तसे नसते. ते आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. कर्नाटकात हिला चुक्की रंगोली म्हणतात. मैत्रिणीकडून रांगोळी शिकताना आपण तिच्या अंगणातली रांगोळी उचलून आणत नाही. किती ठिपके, किती ओळी आणि कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा एवढेच लिहून घेतो. मग ती पाटाभोवती काढा की दारासमोरच्या रस्त्यावर, आकृती तीच राहते. व्हेक्टर फाइलमध्येही बिंदूंच्या जागा आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचे गणित असते. आकार बदलला की संगणक त्या रेषा नव्याने आखतो. म्हणून कडा कधी फाटत नाही.

या वक्ररेषांचा जन्म मोटारीच्या कारखान्यांत झाला. सित्रोन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींचे वळणदार पत्रे गणितात बसवण्यासाठी त्या वापरल्या. १९८४ मध्ये अडोबी कंपनीने छपाईसाठी आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत त्याच रेषा आल्या. आज संगणकावरचे जवळजवळ प्रत्येक अक्षर असेच रेखलेले असते. विंडोजमध्ये आपण अनेक वर्षे ज्यात मराठी वाचली तो 'मंगल' टंक प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखला. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखलेले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्हही पोस्टाच्या पाकिटावर आणि बँकेच्या पाटीवर सारखेच रेखीव दिसते, ते याच युक्तीने.

ब्राउझरवरची सोय

इंटरनेट पाहण्याचा जो प्रोग्रॅम असतो, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स वगैरे, त्याला ब्राउझर म्हणतात. फोटोचे व्हेक्टर करून देणारी अनेक साधने आज ब्राउझरमध्येच चालतात. काही बसवावे लागत नाही, संगणक जुना असला तरी चालतो आणि पुष्कळदा मोबाइलवरही काम भागते. चार कामे वर्षातून एकदा करायची असतील तर ही मोठीच सोय आहे.

पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या साधनांत दोन जाती आहेत, आणि हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो.

पहिल्या जातीत तुमचा फोटो कंपनीच्या संगणकावर पाठवला जातो, तिथे काम होते आणि तयार फाइल परत येते. व्हेक्टरायझर डॉट एआय आणि व्हेक्टर मॅजिकची ऑनलाइन आवृत्ती या अशा आहेत. दूरचे संगणक ताकदवान असल्याने रंगीत, पुसट चित्रांवरही काम चांगले होते. मात्र पूर्ण दर्जाची फाइल उतरवून घ्यायला बहुधा पैसे मोजावे लागतात. शिवाय तुमचे चित्र घराबाहेर गेलेले असते.

दुसऱ्या जातीत पान फक्त इंटरनेटवरून येते, पुढचे सारे काम तुमच्याच यंत्रावर होते. फोटोपी, एसव्हीजीकोड आणि व्हीट्रेसर ही या जातीची साधने. यात चित्र बाहेर जात नाही.

आपल्यासमोरचे साधन कोणत्या जातीचे आहे हे ओळखण्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. पान उघडा, मग वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा आणि कामाचे नसलेले एखादे चित्र देऊन पाहा. काम झाले तर ते तुमच्या यंत्रावरच होत आहे. अडले तर समजा की चित्र बाहेर जाते.

बाहेर जाण्यात वाईट काय, असे वाटेल. फराळाच्या नावात गुपित काही नाही, हे खरे. पण सही, शिक्का, आधार कार्डावरचा मजकूर, मुलांचे फोटो या गोष्टी अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. सहीचे व्हेक्टर तर फारच जपावे. ते कोणत्याही कागदावर, कोणत्याही आकारात स्वच्छ उमटवता येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला, परंतु एकदा हातातून गेलेले चित्र परत गोळा करून आणणे कोणत्याही कायद्याला सोपे नाही.

संगणकावरचे प्रोग्रॅम

संगणकावर बसवायच्या प्रोग्रॅमपैकी तीन नावे लक्षात ठेवावीत.

कोरलड्रॉ हे आपल्याकडच्या छपाईवाल्यांचे जुने हत्यार. १९८९ पासून ते बाजारात आहे. डीटीपीवाले 'कोरल फाइल' मागतात ती याची. फोटोवरून रेषा काढणारे पॉवरट्रेस २००६ च्या आवृत्तीपासून त्यात आहे. दुसरे अडोबी इलस्ट्रेटर. त्यातील इमेज ट्रेस २०१२ मध्ये आले. इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच वापराव्या लागतात. ज्यांचा चित्रकलेचा व्यवसाय आहे त्यांनाच तो खर्च परवडतो.

तिसरे नाव इंकस्केप. २००३ पासून जगभरातल्या स्वयंसेवकांनी घडवलेला हा प्रोग्रॅम पूर्णपणे मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतो. एकदा बसवला की इंटरनेट लागत नाही. त्याच्या 'पाथ' मेनूत 'ट्रेस बिटमॅप' असते. त्यामागे पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम काम करतो. तो पीटर सेलिंजर या गणितज्ञाने २००१ मध्ये सर्वांसाठी खुला केला. गंमत अशी की एसव्हीजीकोड हे ब्राउझरवरचे साधनही त्याच पोट्रेसवर चालते. म्हणजे काळ्यापांढऱ्या साध्या चित्रासाठी दोन्हीकडे आतले यंत्र एकच. मग संगणकावरच्या प्रोग्रॅमचा वेगळा फायदा काय? फायदा रेषा काढून झाल्यानंतर कळतो. बिंदू हलवता येतात, चुकीची रेषा पुसता येते, तुटलेली जोडता येते. आणि देवनागरीच्या बाबतीत ही दुरुस्ती टाळता येत नाही.

अनुस्वार कुठे गेला?

ही साधने बहुतांशी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून पारखलेली असतात. आपल्या लिपीत लहानसा ठिपका अर्थ बदलतो, हे त्यांना ठाऊक नसते.

जुन्या कागदावर डाग असतात. ते वगळण्यासाठी प्रत्येक साधनात एक सोय असते. ठरावीक पिक्सेलांहून लहान असलेले ठिपके ती काढून टाकते. डागाबरोबर अनुस्वारही जातो. 'आनंद'चे 'आनद' होते, 'चिंच'ची 'चिच' होते. पापणी लवावी इतक्या सहज हे घडते, आणि हजार स्टिकर छापून आल्यावर लक्षात येते.

याचा उपाय चांगल्या स्कॅनमध्ये आहे. हिशेब पाहा. अनुस्वार १ मिलिमीटरचा असेल आणि चिठ्ठी ६०० डीपीआयवर स्कॅन केली असेल, तर त्या ठिपक्याला सुमारे ४४० पिक्सेल मिळतात. डाग वगळण्याची मर्यादा ५० ठेवली तरी तो सुरक्षित राहतो. तीच चिठ्ठी १०० डीपीआयवर असेल तर अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम १२ पिक्सेल येतात. मग डाग कोणता आणि अनुस्वार कोणता हे साधनाला कळणार कसे?

दुसरी गफलत अक्षरांच्या पोटात होते. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ शाई फिकी असल्यास गळून पडते आणि 'बडीशेप'ची 'वडीशेप' होते. उलट शाई पसरली असेल तर 'म' आणि 'भ'च्या गाठी भरून जातात. म्हणून 'ब्राइटनेस' म्हणजे काळे कुठून धरायचे आणि पांढरे कुठून, ही पट्टी थोडी थोडी सरकवून तीनचार नमुने काढावेत आणि मूळ चिठ्ठीशेजारी ठेवून पाहावेत.

तिसरी गोष्ट हाताच्या वळणाची. कडा गुळगुळीत करणारी 'स्मूथ' पट्टी फार वाढवली तर अक्षर सुबक होते खरे, पण ते लिहिणाऱ्याचे राहत नाही. बोरूची तिरपी टोके, घाईत ओढलेला काना, किंचित वर चढणारी शिरोरेघ, हेच तर त्या माणसाचे असते. नवी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने येथे अधिकच सावधपणे वापरावीत. पुसट जागी तिथे काय असेल याचा अंदाज बांधून ती रेषा भरतात. पान, फूल, कलश यांना ते चालते. आईच्या किंवा सासूबाईंच्या अक्षराला चालत नाही. आठवण म्हणून जपायचे असेल ते गुळगुळीत नसले तरी चालेल, पण त्यांचेच असले पाहिजे.

काम कोणते, त्याप्रमाणे निवड

आता निवड सोपी होईल.

काळ्यापांढऱ्या साध्या चित्राचे एखादेच काम असेल, उदाहरणार्थ मुलाच्या शाळेतील प्रकल्पासाठी पान-फूल किंवा हळदीकुंकवाच्या वाणाच्या पाकिटावरचा कलश, तर ब्राउझरवरचे साधन पुरेसे आहे. शक्यतो दुसऱ्या जातीचे, म्हणजे चित्र बाहेर न पाठवणारे घ्यावे.

हस्ताक्षर असेल, मजकूर देवनागरीत असेल किंवा तेच चिन्ह पुढे अनेक वर्षे वापरायचे असेल तर संगणकावर इंकस्केप बसवावे. शिकायला दोनतीन दुपारी लागतील. घरात संगणक नसेल तर ब्राउझरवर पहिली फाइल करून पुढची दुरुस्ती एखाद्या जाणत्या डीटीपीवाल्याकडून शेजारी बसून करून घ्यावी.

फार रंगांचे चित्र असेल तर पैसे घेणारे ऑनलाइन साधन एका कामापुरते वापरायला हरकत नाही. वर्गणी भरली असेल तर काम झाल्यावर ती आठवणीने बंद करावी. माणसांच्या फोटोचे मात्र व्हेक्टर करायला जाऊ नये. फोटो मोठा आणि स्वच्छ ठेवणे हाच त्याचा उपाय.

लाकडावर लेसरने पाटी कापायची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. जाळीसारखे आरपार अक्षर कापले की 'क', 'व', 'म' यांच्या पोटातले तुकडे सुटून खाली पडतात. त्यासाठी बारीक पूल सोडावे लागतात. रांगोळीच्या छाप्यांत तुम्ही ते पाहिले असतील. हे काम संगणकावरच नीट होते. नुसती रेघ कोरायची असेल तर इंकस्केपमधील 'सेंटरलाइन' हा पर्याय घ्यावा. नाहीतर प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा कोरल्या जाऊन अक्षर दुहेरी दिसते.

घरातले डबे वेगळे आणि दुकानाची पाटी वेगळी, हेही लक्षात असू द्या. कर्नाटकात व्यापारी फलकांवर किमान ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा अशी दुरुस्ती २०२४ मध्ये कायद्यात झाली. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावर किंवा सीएमएच रोडवर पाटी लावायची झाली तर कन्नड नाव मोठे आणि सासूबाईंच्या अक्षरातले चिन्ह त्याच्या बाजूला असे आखावे लागेल. कन्नड नाव फोटोवरून काढण्याऐवजी टंकातच टाइप करावे आणि शेवटी त्याची अक्षरे रेषांत बदलावीत. इंकस्केपमध्ये याला 'ऑब्जेक्ट टू पाथ' म्हणतात, कोरलमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज'. असे केले नाही तर तो टंक नसलेल्या संगणकावर काने-मात्रा विस्कटतात. चिकपेठ किंवा सुलतानपेठेत छापायला दिलेले काम याच कारणाने परत आणावे लागते. मराठी मजकुरालाही हाच नियम.

फसवी फाइल ओळखा

पुष्कळदा साधन एसव्हीजी नावाची फाइल देते आणि आपण खूश होतो. एसव्हीजी ही व्हेक्टरची सर्वमान्य पद्धत आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २००१ मध्ये तिला मान्यता दिली. पण काही साधने जुना फोटोच त्या पाकिटात घालून देतात. परीक्षा करणे सोपे आहे. फाइल उघडून आठ-दहा पट मोठी करा. कडा स्वच्छ राहिली तर खरी, पायऱ्या दिसल्या तर फसवी.

उलट टोकाची चूकही होते. कागदाच्या खरखरीतपणामुळे एका अक्षरावर शेकडो बिंदू येतात. अशी फाइल छपाईला जड जाते आणि कापणारे यंत्र अडखळत चालते. इंकस्केपमधील 'सिम्प्लिफाय' एकदाच वापरावे. दोनतीनदा वापरले की वळण बिघडते.

आणि एक सांगणे. स्वतःचे, घरचे किंवा परवानगी घेतलेले चित्रच व्हेक्टर करावे. एखाद्या नामवंत सुलेखनकाराचे अक्षर किंवा दुसऱ्या दुकानाचे चिन्ह रेषांत बदलले म्हणून ते आपले होत नाही. कॉपीराइटच्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे त्याच्या कलाकृतीवर हक्क राहतो. सिंहमुद्रेचा, म्हणजे भारताच्या राजमुद्रेचा, खासगी वापर तर २००५ च्या कायद्याने वर्ज्य आहे. हौसेने आमंत्रणपत्रिकेवर ती छापणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हे करायला विसरू नका

कागद सपाट करून ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, सावली पडू न देता, अगदी वरून फोटो घ्या. तो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यास तो लहान होतो आणि अनुस्वार तिथेच धोक्यात येतो.

तयार झालेले चिन्ह एसव्हीजी आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत ठेवा. पहिले पुढच्या दुरुस्तीसाठी, दुसरे छपाईवाल्यासाठी. फाइल दोन ठिकाणी ठेवा. दुसऱ्याकडून काम करून घेतले असेल तर पैसे देण्याआधी व्हेक्टर फाइल मागून घ्या. नाहीतर पुढच्या प्रत्येक छपाईला त्याच दुकानात जावे लागेल.

छापण्यापूर्वी एक प्रत कागदावर काढून घरातल्या दोघांना वाचायला द्या. त्यांतला एक मूळ मजकूर माहीत नसलेला असावा. माहीत असलेला माणूस गळलेला अनुस्वारही मनात घालूनच वाचतो.

आणि काम संपले म्हणून मूळ चिठ्ठी टाकून देऊ नका. स्वच्छ कागदात गुंडाळून ऊन आणि दमटपणापासून दूर ठेवा. उद्या आणखी चांगले साधन येईल, पण सुरुवात त्या चिठ्ठीपासूनच करावी लागेल.